नवा ट्रॅक नको, येऊर आणि गायमुखची रविवार सकाळ द्या

प्रति,
ठाण्याचे रस्ते, वाहतूक आणि वन सांभाळणारे सर्व अधिकारी

विषय : येऊर आणि गायमुख घाटाचे रस्ते रविवारी सकाळी सायकलींसाठी राखून ठेवण्याबाबत

महोदय, महोदया,

ठाण्यात सायकलींसाठी काहीतरी करायला हवं असं अधूनमधून सगळ्यांनाच वाटतं. मग सायकल ट्रॅकचा प्रस्ताव येतो, निधीची चर्चा होते, रस्त्याकडेला हिरवा पट्टा आखायचं ठरतं. हेतू चांगलाच असतो. पण सपाट रस्त्याच्या कडेचा तो पट्टा उभ्या रिक्षा आणि टेम्पोंनी भरून जातो, आणि सायकलवाला पुन्हा गाड्यांच्या मध्ये येतो. म्हणून सुरुवातीलाच सांगतो, हे पत्र नव्या ट्रॅकच्या मागणीसाठी नाही. जे डोंगररस्ते आपल्याकडे आधीपासून आहेत, त्यांचे आठवड्यातले तीन तास आम्हाला हवे आहेत.

येऊरचा रस्ता रविवारी उजाडण्याच्या सुमारास, म्हणजे साडेसहा ते साडेनऊ, पर्यटकांच्या गाड्यांना बंद ठेवावा. घोडबंदर रोडवरच्या गायमुख घाटात रविवारी साडेपाच ते साडेआठ अवजड वाहनं थांबवावीत आणि डोंगराच्या बाजूची एक मार्गिका शंकू लावून सायकलींना द्यावी. दसऱ्यापासून होळीपर्यंत, फक्त रविवारी. एवढं करायला एक ट्रकभर सिमेंटसुद्धा लागणार नाही.

माझं वर्तकनगरच्या बाजूला सायकल दुरुस्तीचं दुकान आहे आणि मी स्वतः सायकल चालवतो. माझ्याकडे दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं येतात. एक, रविवारी पहाटे हेल्मेट घालून निघणारी: आयटीतले, बँकेतले, डॉक्टर, कॉलेजची मुलंमुली, अलीकडे पन्नाशी-साठी ओलांडलेल्या बऱ्याच बायकाही. त्यांच्या सायकली हलक्या, चाकं बारीक, टायर अठ्ठावीस-तीस मिलिमीटरचे. दुसरे, घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये रात्रपाळी करून सकाळी घरी जाणारे वॉचमन, पेपर टाकणारी पोरं, दूधवाले, इडलीचा डबा मागे बांधून फिरणारे. त्यांच्या सायकली काळ्या, जड, चोवीस इंची. या दोघांची एकमेकांशी ओळख नाही, पण दुकानात दोघंही एकच तक्रार घेऊन येतात. मागच्या चाकाचे फ्रीव्हीलच्या, म्हणजे साखळीच्या बाजूचे स्पोक तुटलेले आणि रिम वाकडी. त्या बाजूच्या स्पोकवर ताण जास्त असतो, म्हणून खड्ड्यात आपटलं की तेच आधी जातात. मी स्पोक घालून चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढून देतो आणि चाक पुन्हा त्याच रस्त्यावर जातं. सायकल म्हणजे हौशी लोकांचा छंद, असं आपल्यापैकी कुणाला वाटत असेल, तर त्यांनी सकाळी सातला मानपाडा ते ओवळा हा रस्ता एकदा पाहावा. हौशी चार दिसतील, पोटासाठी निघालेले चाळीस.

ठाण्याच्या वाट्याला आलेले डोंगर फार थोड्या शहरांच्या नशिबात असतात. पश्चिमेला येऊरची रांग, जी पलीकडे बोरिवलीपर्यंत संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणून पसरली आहे. पूर्वेला खाडी ओलांडली की मुंब्रा-पारसिकची भिंत. उत्तरेला वसईची खाडी आणि तिच्या काठाने जाणारा गायमुखचा घाट. उपवनच्या तळ्यापासून येऊरचा चढ सुरू होतो, तो लांब नाही. पण त्याची वळणं नवख्याला गिअर वापरायला शिकवतात आणि उतरताना ब्रेकवर हात कसा ठेवायचा तेही शिकवतात. इथे सराव करणारा माणूस मग गायमुख चढून चेन्याकडे उतरतो. तिथून त्याची हिंमत वाढते आणि भिवंडी, अंबाडीवरून तो वज्रेश्वरीला जातो. १७३९ साली वसई जिंकल्यावर चिमाजी आप्पांनी नवस फेडायला बांधलेलं ते देऊळ, दगडी पायऱ्यांचं, किल्ल्यासारखं. शेजारी अकलोली, गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं. थंडीत त्या कुंडाच्या काठी पाय सोडून बसलेले सायकलवाले हे दर रविवारचं दृश्य आहे. दुसऱ्या बाजूला बदलापूरवरून बारवी धरणाच्या जंगलातून मुरबाड, मुरबाडहून टोकावडे आणि मग माळशेज. तिसऱ्या बाजूला शहापूर, कसारा, आणि घाट चढून इगतपुरी. लोणावळ्याकडे जायचं तर खोपोलीहून बोरघाट, जिथे वाट दाखवणाऱ्या शिंगरोबा धनगराचं देऊळ आहे आणि प्रत्येक चढणारा तिथे एक पाय टेकतो.

याच बोरघाटाने आपल्याला मुंबई-पुणे सायकल शर्यतीतला ‘घाटाचा राजा’, म्हणजे घाट सगळ्यात आधी चढणारा, दिला. आमच्या लहानपणी हा किताब कुणाला मिळाला याची चर्चा क्रिकेटच्या बरोबरीने व्हायची. त्या शर्यतीसाठी इतका वाहता घाट मोकळा केला गेला आहे. म्हणजे घाटातली वाहतूक थोपवणं प्रशासनाला जमतं, हे नव्याने सिद्ध करायची गरज नाही. आणि या भागातली माणसं कुठवर जाऊ शकतात हेही दिसलेलं आहे. नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ साली दोघांचा संघ म्हणून रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली, अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, सुमारे ४,८०० किलोमीटर. नवी मुंबईच्या कबीर राचुरे यांनी २०१९ मध्ये तीच शर्यत एकट्याने पुरी केली. असे सायकलपटू व्यायामशाळेतल्या जागेवरच्या सायकलीवर तयार होत नाहीत. त्यांना चढ लागतो, आणि चढावर पुन्हा पुन्हा जाता येईल इतकी सुरक्षितता लागते.

आता मुख्य काळजीकडे येतो. गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या आसपास जे मोठे रस्ते झाले, त्यातल्या प्रत्येकावर सायकलला बंदी आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, सायकल बंद. २१.८ किलोमीटरचा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, सायकल बंद. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, तिथेही बंद. या बंदीला माझा विरोध नाही. ताशी शंभरच्या वेगाच्या रस्त्यावर सायकल असूच नये. पण मग सायकलसाठी उरतात ते जुने रस्ते: जुना मुंबई-पुणे, जुना आग्रा रोड, घोडबंदर, येऊर. आणि या जुन्या रस्त्यांचं काय होतंय? घोडबंदरवर मेट्रो ४ आणि ४अ चे खांब उभे राहिले, कडेचे सेवा रस्ते मुख्य रस्त्यात जोडण्याचं काम निघालं. सेवा रस्ता रुंद नसेल, पण तिथे गाड्यांचा वेग कमी असायचा. वॉचमन, दूधवाला, शाळेत जाणारी मुलगी तिथून जायची. आता ती मुलगी कंटेनरच्या शेजारून जाते.

पहाटेची वेळ शांत असते असा समज आहे. घोडबंदरवर उलटं आहे. शहरातून अवजड वाहनं नेण्याच्या वेळा ठरलेल्या असतात, आणि वेळ संपत आली की ट्रेलरवाला घाई करतो. न्हावा शेवा बंदरातून गुजरातकडे निघालेला ड्रायव्हर रात्रभर जागा असतो, गायमुख ओलांडून पलीकडे फाउंटन हॉटेलच्या नाक्याला पोहोचायची त्याला निकड असते. त्याच अर्ध्या तासात आमचे लोक घाटात असतात, कारण ऊन चढायच्या आत त्यांना परतायचं असतं. दोष ड्रायव्हरचाही नाही आणि सायकलवाल्याचाही नाही. दोघांची वेळ एकाच अरुंद वळणावर गाठ घालते. ही गाठ वेळापत्रकाने सोडवता येते, म्हणून मी वेळ मागतो आहे. घाटाच्या दुरुस्तीच्या वेळी अवजड वाहनं माणकोली, अंजूर फाटा मार्गे वळवली गेलीच आहेत. तिकडच्या गावांना त्याचा त्रास होतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून वळवण्यापेक्षा तीन तास थांबवून ठेवणं बरं, आणि तेही आगाऊ जाहीर करून, म्हणजे बंदरातून निघतानाच ड्रायव्हर त्या हिशेबाने निघेल.

याच ठिकाणी एक मोठा निर्णयही तुमच्या हातात येणार आहे. टिकुजिनीवाडी ते मागाठाणे असा ११.८ किलोमीटरचा ठाणे-बोरिवली जोडबोगदा खोदला जातो आहे. जुलै २०२४ मध्ये त्याचं भूमिपूजन झालं. तो सुरू झाला की बोरिवलीला जाणाऱ्या मोटारी राष्ट्रीय उद्यानाच्या खालून जातील. बाळकुम ते गायमुख खाडीकिनारा मार्गाचंही नियोजन आहे. म्हणजे पुढच्या काही वर्षांत घोडबंदरवरचा भार कुठे ना कुठे वाटला जाईल. मोकळी झालेली जागा कुणाची, हे आजच कागदावर लिहून ठेवलं नाही तर ती आपोआप आणखी मोटारींनी भरेल. माझी विनंती अशी, की बोगदा सुरू होण्याआधी गायमुख घाटाची एक मार्गिका पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी कायमची राखून ठेवल्याचा ठराव व्हावा. आणि किनारा मार्गाच्या आराखड्यात कठड्याने वेगळी केलेली सायकल मार्गिका आत्ताच घ्यावी. काँक्रीट पडल्यावर ती घालता येत नाही.

रविवारच्या तीन तासांपलीकडे काही गोष्टी अगदी स्वस्तात होण्यासारख्या आहेत. त्या मी माझ्या धंद्यातून सांगतो, कारण चाकांवरच्या खुणा मी रोज पाहतो. गटारावरच्या लोखंडी जाळ्या अनेक ठिकाणी रस्त्याच्या दिशेने उभ्या बसवलेल्या आहेत. दोन पट्ट्यांच्या फटीत सायकलचं पुढचं चाक पूर्ण आत जातं आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. तीच जाळी नव्वद अंशात फिरवून आडवी बसवली की हा धोका संपला. नवी जाळी घ्यायची गरज नाही, वेल्डरची एक दिवसाची मजुरी. काँक्रीट रस्त्यांवर दोन पट्ट्यांच्या मध्ये जो लांब सांधा असतो, तो भराव निघाला की बारीक टायरला पकडतो. सायकल मग वळत नाही, पडते. तो सांधा पावसाळ्यानंतर भरून घ्यायला हवा. उतारावरचे पांढऱ्या पट्ट्यांचे रंबलर संपूर्ण रुंदीत न घालता डाव्या कडेला अर्धा मीटर मोकळा सोडावा. मोटारीला ते जाणवतातच, सायकलवाल्याचे हात मात्र ब्रेकवरून सुटत नाहीत. खोदकामावर टाकलेल्या लोखंडी प्लेटा पावसात निसरड्या होतात, त्यांना खरखरीत लेप हवा. आणि घाटाच्या आतल्या बाजूने जी खडी वाहून येते, ती वळणावरच साचते. गणपतीनंतर एकदा आणि दिवाळीच्या आधी एकदा झाडून घेतली, तरी पाय मोडण्याचे प्रसंग कमी होतील.

येऊरबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण तिथे माझ्या मागणीत एक अडचण आहे. येऊर ही मोकळी जागा नाही. तिथे पाटोणापाडा, वणीचा पाडा, जांभूळपाडा असे पाडे आहेत, वारली आणि इतर आदिवासी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहतात. हवाई दलाचं ठाणं आहे. ठाणे परिवहनची बस वरपर्यंत जाते. रस्ता आधी या सगळ्यांचा आहे, आमचा नंतर. सकाळी पाड्यातल्या बाया रानभाज्या, फुलं, काकड्या घेऊन ठाण्याच्या बाजारात उतरतात. मुलं शाळेला जातात. कुणी आजारी असेल तर रिक्षा खाली आणावी लागते. म्हणून ‘रस्ता बंद’ याचा अर्थ फक्त बाहेरून फिरायला येणाऱ्यांच्या मोटारी आणि मोटारसायकली बंद. बस, रुग्णवाहिका, पाड्यातल्या गाड्या, दूध, हवाई दल यांना कुणी क्षणभरही अडवायचं नाही. हे पाड्यांतल्या लोकांशी बसून ठरवावं, त्यांना नोटीस चिकटवून कळवू नये. आणि त्यांना साडेनऊ उशीर वाटला तर साडेआठला संपवा. आम्ही लवकर खाली उतरू.

येऊरला खरा त्रास सायकलीचा नाही. रात्रीची हॉटेलं, मोठ्या आवाजातली गाणी, टर्फवरचे दिवे, पहाटेपर्यंत वर-खाली करणाऱ्या गाड्या यांबद्दल ठाणेकर आणि पाड्यातली माणसं वर्षानुवर्षं बोलत आली आहेत. २०१६ मध्ये उद्यानाभोवती पर्यावरण संवेदनशील क्षेत्र अधिसूचित झालं, त्यामागचा विचारच हा होता, की जंगलाच्या कडेला शहराचा धक्का कमी बसावा. रविवारी सकाळी मोटारी थांबल्या, तर हा विचार निदान तीन तास प्रत्यक्षात येतो. उद्यानाच्या बोरिवलीच्या बाजूला कान्हेरीच्या डांबरी रस्त्यावर सायकली चालतात, भाड्यानेही मिळतात. तिकडे जे चालतं ते ठाण्याच्या बाजूलाही शिस्तीत चालू शकेल.

मी गायमुखसाठी साडेपाच आणि येऊरसाठी साडेसहा ही वेळ मुद्दाम वेगळी लिहिली. येऊर बिबट्याचं घर आहे. पहाटेच्या अंधारात तो रस्ता ओलांडतो, आणि सायकल आवाज न करता येते. त्याला आणि आम्हाला दोघांनाही उजाडेपर्यंत थांबणं हिताचं आहे.

याच कारणासाठी एमटीबीवाल्यांच्या, म्हणजे जाड टायरची माउंटन बाइक चालवणाऱ्यांच्या, एका मागणीला मी पाठिंबा देत नाही. माझ्याच ओळखीतली काही तरुण मुलं म्हणतात, येऊरच्या जंगलातल्या पायवाटा एमटीबीला खुल्या करा. त्यांचा उत्साह मला समजतो. डांबर सोडून मुरमावर, मुळांवर, दगडांवर सायकल चालवण्याची मजा वेगळीच. पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर जो पाऊस पडतो, त्यात जाड टायरच्या एका रेघेतून पाणी वाहायला लागतं आणि पुढच्या वर्षी तिथे घळ झालेली असते. राष्ट्रीय उद्यानाच्या पायवाटा वनखात्याने बंदच ठेवाव्यात. त्याऐवजी मुलांना दुसरी जागा द्या, आणि ती आहे. पारसिकच्या डोंगरात तुर्भे, महापे बाजूला बंद पडलेल्या दगडखाणी आहेत. डोंगर आधीच कापलेला, माती उघडी, बांधकामाला अवघड. तिथल्या एखाद्या खाणीत खोल पाण्याच्या डबक्यांना कुंपण घालून, चढउतारांची चार-पाच किलोमीटरची वाट आखली, कडेला झाडं लावली, तर मुलांना सराव मिळेल आणि खाणीची जखमही भरेल. माउंटन बाइकिंग १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्ये आहे. ठाणे जिल्ह्यात त्याचा सराव करायला आज एकही हक्काची जागा नाही, आणि खारघरच्या टेकडीवर फणसवाडी, चाफेवाडीच्या रस्त्याने जाणाऱ्या मुलांना दर पावसाळ्यात गर्दी आणि बंदोबस्त यांच्यामधून वाट काढावी लागते.

कायद्याची बाजू तुम्ही माझ्यापेक्षा चांगली जाणता. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ खाली सार्वजनिक सुरक्षिततेसाठी एखाद्या रस्त्यावर वाहनांना ठरावीक वेळ मनाई करता येते. राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात २००६ पासून पायी आणि सायकलने जाणाऱ्यांना प्राधान्य द्यायचं लिहिलेलं आहे. मुंबईत मरीन ड्राइव्ह आणि इतर काही रस्ते २०२२ मध्ये रविवारी सकाळी मोटारींना बंद ठेवले गेले. लोक मुलांना घेऊन आले, आजीआजोबा खुर्च्या घेऊन बसले. मरीन ड्राइव्हसारख्या रस्त्यावर जे झालं ते येऊरच्या टोकाला असलेल्या एका रस्त्यावर अवघड नाही. येऊरच्या पुढे जाणारा रस्ताच नाही, तिथे बंदीमुळे कुणाची वाट तुटत नाही.

मनुष्यबळाची अडचण येईल हेही मी धरून चाललो आहे. उपवनच्या टोकाला एक आणि वर गावाच्या तोंडाशी एक असे दोन वाहतूक पोलीस किंवा वनरक्षक पुरेत. बाकी उभं राहायला आमची माणसं येतील. ठाण्यातले सायकल ग्रुप आपापसात वाटून घेतील, प्रत्येक रविवारी वेगळा ग्रुप. वळणांवर शिट्टी घेऊन उभं राहणं, कचरा खाली आणणं, प्लास्टिकच्या बाटल्या वर नेऊ न देणं ही कामं आम्ही करू. पाड्यातल्या कुणाला चहा-पोह्याची गाडी लावायची असेल तर ती फक्त पाड्यातल्याच माणसाला मिळावी, बाहेरच्याला नाही. पायथ्याशी हवा भरायचा पंप आणि पंक्चरची सोय मी स्वतः करीन; वॉचमनदादांना आणि शाळेच्या मुलांना त्याचे पैसे पडणार नाहीत.

पहिले चार रविवार प्रयोग म्हणून करून पाहा. गाड्या कुठे अडकल्या, पाड्यांना कुठे त्रास झाला, किती सायकली आल्या, त्यात बायका किती, मुलं किती, याची नोंद आम्ही ठेवू आणि दर सोमवारी तुमच्याकडे देऊ. त्या नोंदीवर नजर टाकून पुढचं ठरवा. सुरुवात नवरात्र संपल्यावरच्या पहिल्या रविवारी व्हावी, म्हणजे घाटातलं पाणी ओसरलेलं असेल आणि खडी झाडायलाही वेळ मिळेल. त्याआधी एकदा पाडे, वनखातं, वाहतूक पोलीस, परिवहन आणि आम्ही असे सगळे एका खोलीत बसायला हवेत. तारीख आपण कळवावी. दुकान बंद ठेवून मी येईन, आणि पाड्यातल्या ज्यांना कामाच्या दिवशी यायला जमणार नाही त्यांच्यासाठी बैठक येऊरलाच घेता आली तर जास्त बरं.

आपला,
उपवनच्या पायथ्याशी सायकली दुरुस्त करणारा एक ठाणेकर